रोज एक गाय व्यायची

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. डायलिसिस सेंटरमधला माणूस आधी कन्नडमध्ये बोलला, मी गप्प राहिले म्हणून हिंदीत, मग पुन्हा कन्नडमध्ये. मशीन लावलं होतं, निम्मं काम झालं होतं, सरांनी पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत मान टाकली... मी म्हटलं, "सरी, बरं. येते." फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. हे सांगितलं की लोक माझ्याकडं विचित्र बघतात. पण दोन्ही गुडघे गेलेली बाई एकदा खाली बसली की तिला उठवायला माणूस लागतं, आणि आमच्या घरात मला हात देऊन उठवणारा माणूस तोच होता. रत्नम्मा कामाला येईपर्यंत मी जमिनीवरून उठणार कशी? रडत बसण्यापेक्षा मेथी निवडलेली बरी. ती आली, तिनं मला उठवलं, मग आम्ही दोघी रिक्षानं गेलो.

दत्तू माझा धाकटा भाऊ. आमचं गाव चिकोडीकडं. मी चौथी झाले आणि शाळा सुटली, लग्न होऊन बंगळूरला आले. आई आधीच गेली होती. वडील गेल्यावर दत्तूला इकडं आणलं, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. माझे यजमान कारखान्यात होते, स्वभावानं बरे होते. त्यांनी त्याला शिकवलं, कुरकुर केली नाही. दत्तू शिकत गेला तो शिकतच गेला. बसवनगुडीतल्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवायला लागला आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. राजाजीनगरच्या आमच्या घरातून तो कधी हलला नाही. लग्न का केलं नाहीस असं मी एकदा विचारलं होतं. तो पेपर उघडून बसला आणि मी परत विचारलं नाही. यजमान गेले, माझी मुलगी लग्न होऊन धारवाडला गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. इथल्या मराठी मंडळाची माणसं त्याच्यावरच्या पुरवणीसाठी लिहा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, त्याच्या विद्यार्थ्यांना सांगा. तर म्हणाले, ते सरांविषयी लिहितील, तुम्ही घरातल्या माणसाविषयी लिहा. घरातला माणूस कंटाळवाणा होता. सांगून ठेवते.

कंटाळवाणा अशासाठी की त्याला एकच विषय होता. प्रथिनं. जेवताना तेच, दळण आणताना तेच. मी एकदा वैतागून विचारलं, "एवढी वर्षं एकच गोष्ट काय शिकवतोस रे? संपत कशी नाही?" ताटावरून उठला नाही, बोट चाटत म्हणाला, "अक्का, घराच्या भिंती कशाच्या?"

"विटांच्या."

"आणि बांधल्या कुणी?"

"गवंड्यानं."

"शरीरात वीटही प्रथिनाची आणि गवंडीही प्रथिनाचाच. केस, नखं, कातडं, सगळं त्याचंच. तुझ्या तोंडात भात गोड लागायला लागतो, तो भात तोडणारं लाळेतलं तेच. रक्तातून श्वास वाहून नेणारा हमाल तोच, बाहेरचा रोग आत शिरला की दारात काठी घेऊन उभा राहणारा राखणदारही तोच. मी आत्ता हात हलवतोय ना, ते ओढणारे दोरही त्याचेच."

"मग आम्ही मेला एवढा ढीगभर भात शिजवतो तो कशाला?"

"जळण नको? गवंडी उपाशी काम करेल का?"

मला ते पटलं. पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला लागला, पटलेल्या माणसाला परत पटवायचं, ही मास्तरांची खोडच असते.

प्रॅक्टिकल असलं की तो कॉलेजातून आला तसा आधी न्हाणीघरात जायचा. पोरं त्या दिवशी अंडी फोडत. पांढरा भाग पाण्यात कालवायचा, त्यात खार आणि मोरचुदाचं निळं पाणी टाकायचं, की ते जांभळं होतं. जांभळं झालं म्हणजे प्रथिन आहे. त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांना ते डाग असायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं आलेलं नाही. मी काही त्याला अंघोळ करायला सांगितलेलं नव्हतं, मला अंड्याचं काही वाटत नाही, कोंबडीचं असतं, माझं काय जातं. पण तो डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय ताटावर बसायचा नाही. जन्मभर अंडी हाताळली आणि जन्मभर ती धुऊन काढली... मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

त्याचा आजार त्याला कुठल्या डॉक्टरनं सांगितला नाही, त्याचा त्यालाच कळला. लघवीला फेस यायला लागला. डाळ शिजताना वर येतो तसा. वर्गात फळ्यावर लिहून सांगितलेली गोष्ट एका सकाळी त्याच्या पुढ्यातच आली. फेस म्हणजे प्रथिन गळतंय, म्हणजे मूत्रपिंडाची चाळण फाटली. एवढं माहीत असूनही हा शहाणा कित्येक महिने गप्प बसला. पुढं मी विचारलं, का नाही बोललास, तर म्हणाला, "खात्री करत होतो." कसली खात्री करायची होती कुणास ठाऊक. तोवर रक्तदाबानं चाळण आणखी फाटली.

मग डॉक्टरांनी पथ्य घातलं. प्रथिन कमी करायचं. ते जाळून जी राख उरते ती बाहेर टाकायची ताकद मूत्रपिंडात राहिली नाही, म्हणून मुळात आतच कमी घालायचं. आमच्या घरात डाळीचं पातेलं लहान झालं. मग वाटी आली. मग वाटीही निम्मी. उसळ बंद, पनीर बंद, दह्याचा एक चमचा. त्यानं हे पथ्य असं पाळलं की तसं देवाचं व्रतही कुणी पाळत नाही. पाहुणे आले, लग्नाची पंगत असली, तरी वरणाला हात आडवा. मला म्हणायचा, "जेवढं मी कमी खातो तेवढं ते मशीन लांब जातं." असं काही वर्षं त्यानं ते खरोखर लांब ठेवलं. पण त्या वर्षांत त्याचा दंड माझ्या मनगटाएवढा झाला. दोर झिजले म्हणायचे.

शेवटी मशीन लागलंच. आणि लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथली आहार सांगणारी मुलगी आमच्याजवळ येऊन बसली. सायली तिचं नाव. नागपूरची पोर, नोकरीला इकडं आलेली. मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून तिलाच आनंद झाला होता. म्हणाली, "आजी, आता सरांना प्रथिन भरपूर द्यायचं बरं का."

मी म्हटलं, "काल विष होतं, आज औषध कसं झालं?"

तिनं सांगितलं, दत्तूनंही मान डोलावली. राख आता मशीन बाहेर काढतं. पण काढताना ते थोडं प्रथिनही बरोबर घेऊन जातं. रक्तात अल्ब्युमिन म्हणून एक प्रथिन असतं, ते रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. ते कमी पडलं की पाणी झिरपून पायात उतरतं. दत्तूचे पाय तेव्हा असे सुजले होते की बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ते अल्ब्युमिन वाढलं नाही तर माणूस मशीनला टिकत नाही, जखम भरत नाही, साधा ताप त्याला घेऊन जातो. हे ती पोर गोड आवाजात सांगत होती, पण मला कळलं. डाळ आणि दूध फार चालणार नाही म्हणाली, त्यात पोटॅशियम असतं, फॉस्फरस असतो, ते मशीनला नीट काढता येत नाही. "अंड्याचा पांढरा भाग बेस्ट. त्यात फॉस्फरस जवळजवळ नाहीच. रोज द्या."

दत्तू म्हणाला, "बरोबर आहे. त्याच्यासारखं प्रथिन नाही. मीच शिकवायचो."

मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणली. दुकानदार मला ओळखतो. "अज्जी, यारिगे?" कुणासाठी म्हणून विचारलं. म्हटलं, "खाणाऱ्यासाठी." रत्नम्मानं उकडायचं कसं ते दाखवलं. ती हसत होती, "अम्मा, नीवु? मोट्टे?" म्हटलं, हो बाई, मी आणि अंडं, तू पाणी किती घालायचं ते सांग. सोललं, पिवळं काढून तिला दिलं, पांढरं चिरून मीठ-मिरपूड लावून दत्तूपुढं ठेवलं. त्यानं एक तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला आणि त्याला असा उमासा आला की तो उठून मोरीवर गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं ताटलीकडं नुसतं बघितलं आणि ती माझ्याकडं सरकवली.

"अक्का, डोक्याला कळतंय. घशाला कळत नाही."

"घशाला सांग."

"सांगून बघितलं."

मला राग आला. दुसरं काय येणार? आयुष्यभर जगाला हे खा, हे उत्तम, म्हणून सांगितलं, आणि स्वतःवर वेळ आली तर आईच्या चुलीचा विटाळ घशात येऊन बसला. तो देवभोळाही नव्हता. पण लहानपणी जे तोंडात गेलं नाही ते म्हातारपणी गळ्याखाली उतरेना. मला एवढंच हवं होतं की त्यानं माझ्या आधी जाऊ नये. मी मोठी, माझा नंबर आधी. यात माया वगैरे काढू नका. धाकट्याला पोचवायला म्हातारीनं मागं राहणं हे चांगलं दिसत नाही आणि सोसतही नाही.

मग मी लपवायला लागले. थालीपीठाच्या पिठात घातलं, ते वातड झालं, त्यानं एक घास खाऊन ठेवून दिलं. पिठल्यात घातलं. पिठलं कालथ्यानं उचललं आणि म्हणाला, "अक्का, यात धागे कसले?"

"लसणाचे."

"लसणाला धागे नसतात. हे अल्ब्युमिन गरम पाण्यात पडलं की असं होतं. आधी गुंडाळीसारखं असतं, गरम झालं की उलगडतं आणि एकमेकांत गुंततं. परत सुटत नाही." एवढं सगळं समजावून सांगितलं आणि ताट सारलं. वर म्हणाला, "मला फसवायचं असेल तर निदान रसायन तरी शिकून ये."

"शिकून तुझं काय झालं? पुढ्यातलं गिळता येईना."

त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तसं दोघांना न बोलण्याची सवय होतीच, पण हे वेगळं होतं. तो ताक पिऊन झोपला. मी पिठलं खाल्लं नाही, रत्नम्माला दिलं. तिच्या घरच्यांना आवडलं म्हणे.

त्याच सुमारास रत्नम्माच्या दिराची गाय व्याली. ते लोक मागडीकडं राहतात. तिनं चिकाची बाटली आणली, "अम्मा, गिण्णु माडी." चिकाचा खरवस, त्याला इकडं गिण्णु म्हणतात. शहरात चीक मिळायचा म्हणजे नशीब. मी गूळ, वेलदोडा, जायफळ घालून खरवस लावला. दत्तूनं वड्या मोजल्या नाहीत, डबा जवळ ओढला आणि खाल्ला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला मागून घेताना बघितलं. खाता खाता विषय सुरू. वासराला जन्मल्यावर रोगाशी लढायला स्वतःचे राखणदार नसतात, ते आईच्या पहिल्या दुधातून येतात, आणि ते इतके दाट असतात की नुसती वाफ दिली तरी दूध घट्ट होतं... मी ऐकत होते की नव्हते ते आठवत नाही. मी त्याचं तोंड हलताना बघत होते.

मशीनच्या दिवशी सायलीला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "आजी, खरवस नाही हो. त्यात फॉस्फरस किती, गुळात पोटॅशियम किती. एकदा खाल्ला ते ठीक, आता पुन्हा नाही." दत्तू खिडकीबाहेर बघत राहिला. झालं, तेही बंद.

रिक्षात बसून घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं, की खरवस थरथरतो आणि वाफवलेलं पांढरंही तसंच थरथरतं. घरी आल्यावर मी कामाला लागले. पहिला डाव फसला, जाळी पडली आणि वास आला. दुसऱ्या वेळी पांढरं फडक्यातून गाळून घेतलं, फेसू दिलं नाही, सायलीनं जेवढं दूध चालेल म्हटलं होतं त्यातलंच थोडं घातलं, गुळाऐवजी साखर, वेलदोडा जरा जास्त, जायफळ, आणि रंगाला केशराच्या दोन काड्या, कारण ते नुसतं चुन्यासारखं दिसत होतं. गॅस अगदी बारीक. झाकणाला आतून कापड बांधलं, पाणी टपकू नये म्हणून. निवल्यावर सुरी घातली तर वडी सुटली. मी वास घेतला. वेलदोड्याशिवाय कशाचा वास नव्हता.

दुपारच्या चहाच्या वेळेला त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "थोडाच आहे. खा. त्या सायलीला सांगू नकोस."

त्यानं डबा उचलून उजेडात धरला. बोटानं कडेला टिचकी मारली, ते हललं. माझ्याकडं बघितलं. आता मला रसायन शिकवणार म्हणून मी तयारच होते.

"गाय पुन्हा व्याली?" त्यानं विचारलं.

"दुसरी व्याली."

"कुठली?"

मी आयुष्यात फार खोटं बोललेली नाही, सवय नाही, त्यामुळं जे तोंडात आलं ते म्हटलं. "कपिला."

"हं," म्हणाला आणि खाल्लं. उमासा आला नाही. मी पदराआड हात घट्ट धरून बसले होते. शेवटची वडी राहिली तेव्हा डबा माझ्याकडं केला. "तू पण घे. खरवस एकट्यानं खायचा नसतो."

हे मात्र मी धरलं नव्हतं. नको म्हटलं तर संपलं, त्याला बोलायला जागा मिळणार. सत्तरी कधीच ओलांडलेली बाई, आणि पहिल्यांदा अंडं खाल्लं ते असं. सांगण्यासारखं काही नाही, गोड होतं, मऊ होतं, गिळलं. त्यानं मी गिळेपर्यंत बघितलं आणि मग रिकामा डबा मोरीत नेऊन ठेवला.

तेव्हापासून रोज. रत्नम्माच्या दिराच्या गोठ्यात रोज एक गाय व्यायला लागली. तो विचारायचा, "आज कुठली?" आणि मी नाव सांगायची. कपिला, गौरी, तांबू, चांदी. एकदा मी चुकून परत कपिला म्हटलं तर म्हणाला, "परवाच व्याली होती ना? दमली असेल बिचारी." त्याचा चेहरा सरळ. माझाही. रत्नम्मा भांडी घासता घासता पिवळं घेऊन जायची, तिच्या घरातली सगळी त्यावर जाडजूड झाली असं ती म्हणायची. तिला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते चांगलं कळत होतं. एकदा हळूच म्हणाली, "सारिगे गोत्तु, अम्मा." सरांना माहीत आहे. मी म्हटलं, "तू भांडी घास."

पुढच्या तपासणीनंतर सायली कागद घेऊन आली. मशीनचा तो घरघर आवाज चालू होता, दत्तू डोळे मिटून पडला होता. ती म्हणाली, "सर, अल्ब्युमिन छान वाढलं तुमचं. पायांची सूजही उतरली. काय खाऊन राहिले तुम्ही?"

दत्तूनं डोळे उघडले नाहीत. "अक्का खरवस करते."

पोरीचं तोंड पडलं. माझ्याकडं वळली. "आजी, मी सांगितलं होतं ना? फॉस्फरस..."

"बघ तर कागदावर फॉस्फरस किती आहे," दत्तू म्हणाला.

तिनं बघितलं. वाढलेला नव्हता. तिनं पुन्हा बघितलं.

"माझ्या अक्काच्या खरवसात फॉस्फरस जवळजवळ नसतो," तो म्हणाला.

पोर हुशार. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "मग चालू द्या." पुढच्या खुर्चीकडं गेली. मी पिशवीतला स्वेटर काढून त्याच्या पायावर घातला, कारण तिथं एसी फार असतो. परत येताना रिक्षात तो म्हणाला, रस्ता फार खणून ठेवलाय. मी म्हटलं, हो. त्या दिवशी चहाच्या वेळेला त्यानं विचारलं, "आज कुठली?" मी सांगितलं. उघडपणे अंडं म्हणून खा, असं मी त्याला म्हटलं नाही आणि त्यानंही मला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याच्या घशाला ऐकू गेलं असतं.

वर्षभर बरं गेलं. बरं म्हणजे किती, तर तो जिन्यावरून एकटा उतरायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा, सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि मला ऐकायला लावायचा. मशीनसाठी हातावर केलेली जखम भरली. रक्त वाढायचं इंजेक्शन घेताना तिथल्या नर्सला "हेही प्रथिनच बरं का" म्हणून कन्नडमध्ये व्याख्यान द्यायचा, ती मान डोलावत "हौदु सार, हौदु सार" म्हणत सुई टोचायची. शेवटची वडी मात्र रोज माझीच. एखाद्या दिवशी मी म्हटलं, आज नको, भूक नाही, तर तो स्वतःही ठेवून द्यायचा. मग मला खावंच लागायचं. म्हातारपणी दोर झिजतात, म्हणायचा, तुझेही झिजलेत, तू उठताना मला कळतं. त्याला मी चारत होते की तो मला, हे आता कोण सांगणार? मी एवढंच सांगते, की त्या वर्षात मी पडले नाही. आधी पडायची.

पण मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाचं हृदय झिजतं, हे त्यानंच मला सांगून ठेवलं होतं. अल्ब्युमिन वाढलं म्हणून बाकीचं थांबत नाही. दिवाळीनंतर तो जास्त झोपायला लागला. मशीनवरून आला की दुसरा दिवस अंथरुणात जायचा. दोघंही दमलो होतो, खरं सांगायचं तर. आठवड्यातले तीन दिवस त्या खुर्चीचे, उरलेले त्या खुर्चीच्या थकव्याचे. माझं म्हातारपण आणि त्याचं दुखणं एकाच रिक्षात बसून जात-येत होतं. शेवटच्या दिवशी गुडघा जास्त दुखत होता म्हणून मी गेले नाही, शेजारचे सोडायला गेले होते. जाताना दारातून काही खास बोलला वगैरे नाही. "गॅस बघ," म्हणाला. दूध वर ठेवलं होतं.

तेराव्याला चिकोडीहून आमच्या चुलत भावाचा मुलगा आला, तो खरा चीक घेऊन. काकांना आवडायचा म्हणून कुठून कुठून मिळवला होता, बर्फात घालून बसमधून आणला. माझ्या मुलीनं गूळ घालून खरवस लावला. घट्ट, पिवळसर, चांगला जमला होता. पंगतीत सगळ्यांनी मागून घेतला. "सरांचा आवडता," असं त्याचे विद्यार्थी एकमेकांना सांगत होते. माझ्या पानातही वाढला. मी खाल्ला. चिकाला एक उग्र वास असतो, तो मी विसरले होते. दाताला थोडा चिकटत होता. मुलीनं विचारलं, "आई, कसा झालाय?" मी म्हटलं, चांगला झालाय. वाईट कशाला म्हणायचं? पण दत्तू वर्षभर जो खात होता तो हा नव्हता.

सगळे गेल्यावर मी पुन्हा करायला लागले. रोज नाही, उभं राहवत नाही. जमेल त्या दिवशी. रत्नम्मा अंडी आणते, पिवळं घेऊन जाते, आता ती हसत नाही. लहान डबा लागतो, एकटीला पुरेसा. मुलगी फोनवर म्हणते, आई, सरळ उकडून खात जा ना, एवढा खटाटोप कशाला, आता कुणापासून लपवायचंय? तिचं बरोबर आहे. पण मला उकडलेलं चालत नाही. एकदा करून बघितलं, तोंडाजवळ नेलं आणि मला उमासा आला... मग मला त्याचा घसा कळला.

चहाच्या वेळेला डबा घेऊन टेबलापाशी बसते. समोरची खुर्ची हलवलेली नाही, रत्नम्मा झाडताना ओढते आणि परत तिथंच सारते. शेवटची वडी खायचा कंटाळा येतो, पण ठेवून दिली तर दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, म्हणून खाते. विचारणारं कुणी नाही, तरी वडी सोडवताना एक नाव मनात येतंच. काल तांबू होती.